धक्का मुरतो कुठे?

तंजावरच्या राजवाड्याभोवती चार राजवीथी आहेत. बृहदीश्वराचा रथ त्यांच्यावरून फिरतो. जवळपास शंभर वर्षं थांबलेला हा रथ २०१५च्या एप्रिलमध्ये पुन्हा निघाला. लाकडाचा भलाथोरला डोलारा आणि खाली भक्कम चाकं. त्याला स्प्रिंग नाही, शॉक नाही. दोर ओढणाऱ्या माणसांच्या पावलांनी तो पुढे सरकतो, त्यामुळे त्याला ते लागतही नाहीत. बाकीचे दिवस याच रस्त्यांवरून शाळांच्या व्हॅन, पर्यटकांच्या टॅक्सी, भाताची पोती घेतलेले टेम्पो आणि सात-सात माणसं भरलेल्या उंच गाड्या धावतात. त्यांना शॉक लागतात, आणि ते झिजतातही.

संपादकांनी यंदाच्या अंकाचा विषय 'दुरुस्ती' असा कळवला, तेव्हा मी तंजावरच्या एका मराठी घराचं नाव मनात धरलं. घरच्या बोलेरोचे मागचे शॉक गेले होते आणि नवे कुठले घालावेत यावर घरात एकमत होत नव्हतं. वरवर पाहता मामला किरकोळ. पण वाळवंटातल्या शर्यतींसाठी, लडाखच्या वाटांसाठी, उंच केलेल्या आणि मोठे टायर चढवलेल्या गाड्यांसाठी शॉक कसे निवडावेत हे सांगणारे खूप आहेत. कारखान्यातून जशी आली तशीच ठेवलेली, बाजार, देऊळ, दवाखाना आणि लग्नकार्य यांतच आयुष्य काढणारी घरची गाडी कुणी विचारात घेत नाही. देशातल्या बहुतेक गाड्या तर अशाच आहेत. म्हणून तंजावरला जाऊन पाहायचं ठरवलं.

गतिरोधकाच्या पलीकडे

शॉक धड आहेत का, हे कळायला गाडीत बसावंच लागतं असं नाही. गतिरोधकाच्या पलीकडे कडेला उभं राहावं आणि पुढे गेलेल्या गाडीची पाठ पाहावी. शॉक नीट असेल तर मागचा भाग एकदा उचलला जातो, खाली येतो आणि थांबतो. गेलेला असेल तर खाली आलेला भाग पुन्हा उठतो, पुन्हा बसतो, आणि गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत हे चालूच राहतं. मेल वीदीत, म्हणजे पश्चिमेच्या राजवीथीवर, चहाच्या दुकानापाशी दुपारभर उभा राहून मी हेच पाहत होतो. नव्या छोट्या गाड्या झटकन सावरत होत्या. टपावर सामान लादलेल्या टॅक्सी जड झाल्या होत्या, तरी सावरत होत्या. शाळेची एक जुनी व्हॅन मात्र गतिरोधक ओलांडून बरीच पुढे गेली तरी उड्या मारत होती आणि मागच्या काचेतून मुलांची डोकी वरखाली होताना दिसत होती. ते पाहून बरं वाटलं नाही. मागच्या बाकावरची मुलं तक्रार करत नाहीत, त्यांना गाडी अशीच असते असं वाटतं.

गतिरोधक कसा असावा याचं मानक आपल्याकडे आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या ९९ क्रमांकाच्या मानकात गोलसर पाठीचा उंचवटा सांगितला आहे: उंची १० सेंटिमीटर, रुंदी ३.७ मीटर, गाडीचा अपेक्षित वेग ताशी २५ किलोमीटर. बोलेरोच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर २.६८ मीटर आहे. म्हणजे मानकाप्रमाणे बांधलेल्या उंचवट्यावर क्षणभर दोन्ही आस एकाच वेळी येतात आणि अख्खी गाडी हळूच वर चढून हळूच उतरते. गल्लीतला गतिरोधक असा नसतो. तो वीतभर नाहीतर हातभर रुंदीचा डांबराचा बांध असतो, किंवा खिळ्यांनी ठोकलेली काळी-पिवळी रबरी पट्टी. तिथे गाडी चढत नाही, चाकाला लाथ बसते. आधी पुढच्या, मग मागच्या. अशी लाथ बसली की शॉकच्या आतला दट्ट्या इतक्या झपाट्याने हलतो की गाडीचा वेग जेमतेम १५ असला तरी शॉकच्या दृष्टीने तो मोठा आघात असतो.

बाजारातला मोठा गैरसमज इथूनच सुरू होतो. सावकाश चालवतो, मग शॉकवर ताण कसला, असं लोक म्हणतात. पण शॉकला गाडीचा वेग कळत नाही, त्याला फक्त दट्ट्याचा वेग कळतो. गुळगुळीत महामार्गावर ताशी १०० ने जाणाऱ्या गाडीचा शॉक जवळजवळ विसावलेला असतो. नळ टाकायला खणलेल्या आणि घाईने बुजवलेल्या चराच्या धारेवरून २० ने जाणाऱ्या गाडीचा शॉक मात्र राबत असतो.

सात माणसांची गाडी

मी उतरलो ते घर राजवाड्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. व्यंकोजी राजांनी १६७६च्या सुमारास इथे भोसल्यांची गादी स्थापली आणि १८५५ मध्ये ती खालसा झाली. तिच्या आश्रयाने आलेल्या अनेक घराण्यांपैकी हे एक. घरात बोलतात ती मराठी आपल्याला समजते, पण तिचा हेल तमिळ आहे. बाहेर सगळा व्यवहार तमिळमधून. यजमान सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. त्यांच्या आई, ज्यांना सगळं घर आजी म्हणतं, ऐंशीच्या पुढच्या. आजींच्या कमरेचं दुखणं जुनं आहे आणि त्या नेहमी मधल्या बाकावर डावीकडे बसतात.

गाडी नाशिकला बनलेली बोलेरो. हे मॉडेल २००० साली बाजारात आलं आणि कावेरीच्या खोऱ्यात आजही जागोजागी दिसतं. पुढे कॉइल स्प्रिंग, मागे पाटे. मागच्या बाजूला समोरासमोर तोंड करून बसायच्या दोन जागा. लाखाच्या घरात किलोमीटर झालेले. ती काय काय करते हे मी यजमानांना तपशिलात विचारलं, कारण शॉक निवडायचा तर पहिला प्रश्न हाच. वरचेवर पुन्नैनल्लूरच्या मारियम्मनला. महिन्यातून कधीतरी कुंभकोणम, चाळीसेक किलोमीटर. वडीलधारं कुणी आजारी पडलं तर तिरुचिरापल्ली. जानेवारीत त्यागराजांच्या आराधनेला तिरुवैयारू. गावाकडच्या शेतातून तांदळाची पोती वर्षातून एकदोनदा. बाकी गावातल्या गावात, आणि बहुतेक वेळा चार माणसं. टपावर सामान क्वचितच. शेताच्या बांधावर गाडी जात नाही, पक्क्या रस्त्यावरच थांबते.

ही यादी मला महत्त्वाची वाटली. शॉक विकणारा माणूस गाडीचं मॉडेल विचारतो. गाडीत कोण बसतं आणि कुठे जातात, हे विचारणारा विरळा.

सल्ले मात्र भरपूर आले होते. पुण्याच्या भाच्याचं म्हणणं, गाडी थोडी उंच करून घ्या, खाली घासायची भीती जाईल. तिरुचिरापल्लीच्या एका दुकानदाराने परदेशी बनावटीचे उच्च दाबाच्या गॅसचे शॉक पुढे केले होते, किंमत साध्या जोडीच्या कितीतरी पट. शेजाऱ्यांच्या मते 'हेवी ड्यूटी' लिहिलेले घेतले की प्रश्नच मिटला. आणि घरचे जुने मेस्त्री म्हणत होते, आधी गाडी खड्ड्यावर घ्या, मग बोलू.

स्प्रिंग झेलतं, शॉक आवरतो

मेस्त्रींकडे जाण्याआधी थोडं यंत्राबद्दल. इथली समजूत पक्की नसेल तर पुढची निवड चुकते.

गाडीचं वजन शॉकवर नसतं. ते स्प्रिंगवर असतं: कॉइलवर किंवा पाट्यांवर. खड्डा आला की स्प्रिंग दबतं, धक्का पोटात घेतं आणि मग तो परत फेकतं. तंजावरच्या मोठ्या देवळासमोर डुलणाऱ्या बाहुल्या विकायला असतात. तळाला गोल आणि जड असलेल्या राजा-राणीला बोटाने ढकललं की ते झुकतात, उठतात, पलीकडे जातात, पुन्हा येतात आणि बऱ्याच वेळाने स्थिर होतात. शॉक काढून घेतलेली गाडी अशीच वागते. स्प्रिंगला धक्का साठवता येतो, संपवता येत नाही. संपवायचं काम शॉकचं.

तो ते करतो तेलाने. नळीत तेल, तेलात दांड्याच्या टोकाला बसवलेला दट्ट्या, दट्ट्याला बारीक छिद्रं आणि त्यांवर पातळ पोलादी चकत्यांच्या झडपा. चाक वरखाली झालं की दट्ट्या तेलातून ढकलला जातो, तेल छिद्रांतून जोर लावून निघतं आणि गरम होतं. धक्का उष्णतेच्या रूपाने असा मुरतो, आणि ती उष्णता नळीच्या पत्र्यातून हवेत जाते. खराब रस्त्यावरून आल्याबरोबर शॉकला हात लावला तर चटका बसतो तो यामुळेच. सहसा उसळण्याच्या बाजूचा विरोध, म्हणजे स्प्रिंग उसळून लांबतं तेव्हाचा, दबण्याच्या विरोधापेक्षा जास्त ठेवलेला असतो. दबताना चाकाला मोकळीक हवी, उसळताना गाडीला लगाम हवा.

बहुतेक घरगुती गाड्यांत दुहेरी नळीचा शॉक असतो. आतल्या नळीत दट्ट्या फिरतो, बाहेरच्या नळीत जास्तीचं तेल आणि वर थोडी हवा किंवा कमी दाबाचा नायट्रोजन. सतत राबला की तेलात हवा मिसळून फेस होतो, आणि फेसाला विरोध करता येत नाही. दट्ट्या मग पोकळीत हलल्यासारखा हलतो. कमी दाबाचा गॅस भरतात तो हा फेस रोखायला. एकेरी नळीच्या शॉकमध्ये तेल आणि गॅस वेगळे ठेवणारा एक तरंगता दट्ट्या असतो आणि गॅसचा दाब २५ बारच्या आसपास असतो, म्हणजे टायरमधल्या हवेच्या दहापटीहून जास्त. फेस होत नाही, उष्णता लवकर बाहेर पडते. जर्मनीच्या बिलस्टाइनने १९५७ मध्ये मर्सिडीजसाठी असे शॉक मोठ्या प्रमाणावर बनवायला सुरुवात केली. चीज उत्तम आहे, यात शंका नाही.

पण त्या दाबाचा आणखी एक परिणाम असतो. दांड्याचा व्यास १४ मिलिमीटर धरला तर त्याच्या छेदाचं क्षेत्रफळ दीड चौरस सेंटिमीटरच्या थोडं वर. त्यावर २५ बारचा दाब म्हणजे दांडा बाहेर ढकलणारं सुमारे ३९ किलोचं बळ. दोन शॉकचे मिळून ऐंशीच्या जवळपास. गाडी रिकामी असताना हे बळ सदैव मागचा भाग वर रेटत राहतं. भरधाव जाणाऱ्या, रोज खचाखच भरणाऱ्या गाडीला ते चालतं. बाजाराला जाणाऱ्या, मागे रिकाम्या असलेल्या पाट्यांच्या गाडीला ते अधिक कडक करतं. पाटे मुळात कडकच असतात. ते ओझ्यासाठी केलेले आहेत, रिकाम्या गाडीत त्यांना वाकायला वजनच मिळत नाही.

आणि मधल्या बाकावर आजी आहेत. बसलेल्या माणसाच्या धडाला सेकंदाला चार ते आठ वेळा होणारं वरखाली सगळ्यात जास्त बाधतं, कारण पोट-छाती त्याच लयीत हलायला लागतात. मऊ, सावकाश डुलणं माणूस सहन करतो, सेकंदाला एकदा-दीडदा असेल तर चालण्याच्या लयीचंच ते असतं. गरजेपेक्षा कडक शॉक मात्र बारीक, जलद हादरे गिळण्याऐवजी पुढे धाडतो. गाडी 'टाइट' वाटते म्हणून चालवणारा खूश होतो, आणि मागे बसलेल्याची कंबर धरते.

खड्ड्यात उतरून

मेस्त्रींचं पट्टरै, म्हणजे कारखाना, गावाबाहेर जाणाऱ्या रस्त्यावर आहे. पत्र्याची शेड, मधोमध सिमेंटचा लांबट खड्डा, भिंतीवर देवांच्या तसबिरी आणि पान्यांची ओळ. यजमान त्यांना 'अण्णे' म्हणतात, ते यजमानांना 'सार्'. तमिळमधलं त्यांचं बोलणं यजमान मला मराठीत सांगत होते.

मी समजत होतो, ते आधी गाडीचा कोपरा दाबून सोडतील आणि किती वेळा उसळते ते मोजतील. त्यांनी तसं केलं नाही. पाट्यांच्या गाडीत ही परीक्षा फसवते, म्हणाले. पाटे एकमेकांवर घासतात, तेवढ्यानेच गाडी थोडी आवरली जाते. शॉक मेलेला असला तरी हाताने दाबलेली गाडी शहाण्यासारखी थांबते. त्यांनी पहिल्यांदा हात फिरवला टायरवर. मागच्या टायरच्या नक्षीवर तळवा सावकाश सरकवत नेला, आणि मग माझा हात धरून तिथे ठेवला. डोळ्यांना टायर नीट दिसत होता. हाताला मात्र उंच-सखल लागत होतं, ठरावीक अंतरावर खोलगट खड्डे. चाक रस्त्यावर टेकून राहत नव्हतं, नाचत नाचत पुढे जात होतं, त्याच्या खुणा.

मग हवा पाहिली. मायलेज वाढेल म्हणून कुणीतरी दाराच्या चौकटीवरच्या पट्टीत लिहिल्यापेक्षा बरीच जास्त भरली होती. मेस्त्रींनी ती उतरवली आणि म्हणाले, आदळण्याचा एक हिस्सा इथे होता. शॉकवर पैसे घालण्याआधी हे एक काम फुकटात होतं, आणि तेच बहुतेक जण करत नाहीत.

खड्ड्यात उतरल्यावर टॉर्चच्या उजेडात उजवा शॉक दिसला. वरचा अर्धा भाग रस्त्याच्या धुळीने पांढुरका, खालचा काळा, ओला आणि त्यावर मातीची जाड साय. सील गेलं की तेल दांड्याबरोबर बाहेर येतं आणि धूळ त्याला चिकटते. नुसता तेलाचा हलका ओशटपणा असेल तर मेस्त्री शॉक काढायला सांगत नाहीत. थोडं तेल सीलला ओलं ठेवायला बाहेर येतंच. इथे थेंब धरला होता. डावा कोरडा होता, पण त्याचा खालचा रबरी बुश फाटून एका बाजूला सरकला होता, आणि गतिरोधकावर घरच्यांना ऐकू येणारा 'टक' आवाज तिथला होता.

पोरांनी गाडी जॅकवर घेतली, घोड्या लावल्या, गंजलेल्या नटांवर तेल सोडलं. शॉक निघाल्यावर मेस्त्रींनी उजवा जमिनीवर उभा धरून दाबला. पहिली दोन बोटं तो काहीही विरोध न करता खाली गेला, मग एकदम अडला. तेवढ्या प्रवासात तेलच नव्हतं. डावा सगळीकडे सारखा विरोध करत होता, पण अशक्त. मी विचारलं, डावा चालतोय तर नुसता बुश बदलून ठेवता येणार नाही का? मेस्त्रींनी मान हलवली. एका आसाला एक नवा आणि एक थकलेला शॉक घातला तर गाडी एका बाजूला सावरते, दुसऱ्या बाजूला उशीर करते. पावसात ब्रेक दाबला की तो उशीर कळतो. जोडीनेच बदलायचे.

नाशिक, चाकण, होसूर

मग निवड. दुकानात मी आणि यजमान काउंटरवर उभे होतो आणि समोर खोकी रचली होती. तिथे एक गोष्ट डोळ्यांत भरली: तंजावरात विकले जाणारे बरेच शॉक आपल्याच मुलखातले. गॅब्रिएल इंडिया १९६१ मध्ये मुंबईत मुलुंडला सुरू झाली. तिचे कारखाने आज नाशिक, चाकण आणि तमिळनाडूच्या सीमेवरच्या होसूरला आहेत. हे नाव मूळ अमेरिकेचं. क्लीव्हलंडच्या क्लॉड फॉस्टर यांनी मोटारीचा एक सुरेल भोंगा बनवला, त्याला देवदूत गॅब्रिएलचं नाव दिलं, आणि त्याच कंपनीने पुढे धक्के आवरणारी साधनं काढली. मोनरो हे दुसरं जुनं नाव. त्या कंपनीच्या सल्ल्यानुसार ८०,००० किलोमीटरच्या सुमारास शॉक बदलायला हवेत. आमची गाडी तो आकडा केव्हाच ओलांडून गेली होती, आणि तेही गल्लीतल्या किलोमीटरांनी.

भाच्याच्या सूचनेचा विचार मी मनापासून केला, कारण पावसात पाणी साचलेल्या रस्त्यावर उंची कामाला येते. पण उंच करणं म्हणजे पाट्यांखाली ठोकळे घालणं किंवा पाटे बदलणं. मग शॉकची लांबीही वेगळी लागते. ही लांबी फार महत्त्वाची आहे आणि दुकानात तिची चर्चा होत नाही. प्रत्येक शॉकची पूर्ण दबल्यावरची एक लांबी असते आणि पूर्ण ताणल्यावरची एक. मूळ उंचीच्या गाडीला लांब शॉक बसवला तर मोठ्या खड्ड्यात गाडीचा रबरी थांबा टेकण्याआधी शॉकच आतून आपटतो आणि झडप फुटते. आखूड बसवला तर चाक खड्ड्यात उतरतं तेव्हा शॉक ताणून अडतो, बुश उपटतात. मूळ गाडीला मूळ मापाचाच हवा. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलांत बदल चालणार नाही असं स्पष्ट केलं. जुन्या शॉकच्या जागी तशाच मापाचा नवा घालणं म्हणजे दुरुस्ती. गाडीची ठेवणच बदलणं हे वेगळं काम आहे आणि ते घरच्या गाडीला नको, असं माझं मत झालं. उंच गाडी वळणावर जास्त झुकते, आणि ऐंशी वर्षांच्या बाईंना पायरीही उंच होते.

'हेवी ड्यूटी' या शब्दांनी मी जास्त सावध झालो. त्यांना एकच ठरलेला अर्थ नाही. कुणाची नळी जाड असते, कुणाचा दट्ट्या मोठा, कुणाच्या झडपा कडक, आणि खोक्यावर यांतलं काय ते लिहिलेलं नसतं. रोज वाळू-विटा वाहणाऱ्या गाडीला कडक झडपा शोभतात. यजमानांची गाडी वर्षातून एकदोनदा पोती आणते. त्या दोन दिवसांसाठी बाकीचं वर्षभर सगळ्यांनी हादरे खायचे, हे मला पटेना. पोती आणायच्या दिवशी सावकाश चालवावी.

उरले दोन पर्याय: कंपनीच्या मापाचा साधा दुहेरी नळीचा तेलाचा, नाहीतर त्याच मापाचा कमी दाबाच्या गॅसचा. गाडी रिकामी, वेग कमी, पण रस्ता तुटक आणि राबवणारा, हवा वर्षभर गरम. कमी दाबाचा गॅस फेस रोखतो आणि रिकाम्या गाडीला फारसा रेटत नाही. मी दुसऱ्याच्या बाजूने बोललो. मेस्त्रींनीही फोनवर तेच सांगितलं, एका अटीसह: खोकं उघडून दांडा पाहा. आम्ही पाहिला. चांगल्या दांड्यावरचा क्रोमचा मुलामा आरशासारखा असतो, नख लावलं तर कुठेही खरखर लागत नाही, कारण त्याच दांड्यावरून सील लाखो वेळा घासत जाणार असतं. वेल्डिंगची रेघ सलग हवी. भाग क्रमांक नळीवर छापलेला हवा, चिकटवलेला नको, आणि खोक्यावरच्याशी जुळायला हवा. पक्की पावती हवी. नकली शॉकचा बाजार मोठा आहे आणि नकलीत पहिली काटकसर सीलवर आणि तेलावर होते, जी बाहेरून दिसत नाही.

बसवण्याआधी मेस्त्रींनी नवा शॉक उभा धरला आणि पूर्ण ताणून पूर्ण दाबला, पुन्हा ताणला, पुन्हा दाबला. दुकानात आडवा पडून राहिलेल्या शॉकच्या आतल्या नळीत हवा शिरलेली असते. ती काढली नाही तर नवा शॉकही पहिले काही दिवस पोकळ वाटतो आणि माणूस दुकानदाराशी भांडायला जातो. नटही त्यांनी गाडी जॅकवर असताना नुसते बसवून घेतले. पक्के आवळले ते चाकं जमिनीवर टेकल्यावर, गाडी आपल्या वजनाने बसल्यावर. लोंबत्या अवस्थेत आवळले तर रबरी बुश पिळलेल्या स्थितीत अडकतो आणि काही महिन्यांत फाटतो. डाव्या बाजूचा जुना बुश असाच फाटला असावा, असं मेस्त्रींचं म्हणणं. गेल्या वेळी काम दुसरीकडे झालं होतं.

पाच नद्यांचा रस्ता

तिरुवैयारू म्हणजे पाच नद्यांचं गाव. तंजावरहून उत्तरेला निघालं की वडवारू, वेण्णारू, वेट्टारू, कुडमुरुट्टी आणि शेवटी कावेरी, अशा पाच नद्या तेरा-चौदा किलोमीटरांत ओलांडाव्या लागतात. शॉक तपासायला याहून चांगला रस्ता नाही. मेट्टूर धरणाचे दरवाजे वहिवाटीप्रमाणे १२ जूनला उघडतात, आणि पाणी आलं की हे सगळं खोरं चिंब होतं. नद्यांच्या गाळाची मऊ माती वर्षानुवर्षं दबत राहते. पूल खोल पायावर उभा असतो, तो खचत नाही. पुलाकडे जाणारा मातीचा भराव मात्र खचतो. म्हणून पुलाच्या दोन्ही तोंडांना रस्ता आणि पूल यांच्यात पायरी तयार होते. डांबर ओतून ती बुजवतात, भराव पुन्हा खचतो. हा रस्तेबांधणीतला जुना आणि जगभरचा प्रश्न आहे, आणि नदीमुखाच्या मुलखात तो दर दोन-तीन किलोमीटरांवर भेटतो.

या प्रदेशाने प्रवाशाच्या देहाची काळजी पूर्वी मोठ्या मनाने केली आहे. रामेश्वरच्या वाटेवर भोसल्यांनी बांधलेली छत्रं आजही उभी आहेत, त्यातलं ओरत्तनाडूचं मुक्तांबाळ छत्र सरफोजी राजे दुसरे यांचं. या छत्रांचं उत्पन्न राहावं म्हणून राजांनी १८०१ मध्ये इंग्रज रेसिडेंट टॉरिन यांना लिहिलं. वाटसरूला जेवण मिळतं, आजारी पडला तर वैद्य मिळतो, हे त्यांनी त्यात आवर्जून सांगितलं. पुलाची पायरी वेळेवर भरून घेणं हा त्याच काळजीचा आजचा भाग आहे. गाडीत शॉक आहेत म्हणून रस्ते सांभाळणाऱ्या खात्यांची जबाबदारी कमी होत नाही.

आम्ही संध्याकाळी निघालो. यजमान चालवत होते, आजी नेहमीच्या जागेवर, मी मुद्दाम अगदी मागे, आडव्या बाकावर. वडवारूच्या पुलावर चढताना पूर्वी तिथे दोनदा आदळायचं, असं यजमान म्हणाले. आता चाक पायरीवर चढल्याचा एक गडद आवाज आला, मागचा भाग उचलला गेला, बसला, आणि तिथेच राहिला. 'टक' गेला होता. पाट्यांचा कडकपणा होता तसाच होता. शॉक तो काढत नाही, आणि काढेल असं सांगून कुणी विकत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये. वेट्टारूनंतर रस्ता बुजवलेल्या चरांनी भरलेला लागला. तिथे बारीक हादरे अजून जाणवत होते, पण ते पुढून येत होते.

मी विचारलं, "आजी, कसं वाटतंय?"

"मागचं बरं झालंय," त्या म्हणाल्या. "पुढचं करा आता."

त्यांचं निदान मेस्त्रींशी जुळलं. परत आल्यावर मेस्त्रींनी पुढची चाकं हलवून पाहिली, शॉक कोरडे पण थकलेले आहेत म्हणाले, आणि ते बदलले की अलाइनमेंट करून घ्यावं लागेल हेही सांगितलं. खोलगट झालेले मागचे टायर काही काळ आवाज करतील, त्यासाठी नव्या शॉकला दोष देऊ नका, असंही बजावलं. पाचेकशे किलोमीटर झाले की नट पुन्हा तपासायला गाडी आणायची. पुढची जोडी त्याच मापाची, त्याच कमी दाबाच्या गॅसची, पोंगल झाल्यावर घ्यायची असं ठरलं, कारण त्याआधी घरात एक लग्न आहे. यजमानांनी भाग क्रमांक गाडीच्या कागदांच्या पिशवीत लिहून ठेवला.